हाताने घडवलेला वस्तरा

घोड्याची, डोळ्यांची किंवा एखाद्या माणसाची मनापासून स्तुती करायची असली की मराठीत आपण 'पाणीदार' म्हणतो. मोत्याचे पाणी आणि तलवारीचे पाणी, दोन्ही त्या शब्दात मिसळलेली आहेत. लोहार तापलेल्या पात्याला 'पाणी देतो' तेव्हा त्याच्या हाताखाली जे घडते तेच तलवारीचे पाणी. याच भाषेत एखाद्याची चारचौघांत फजिती झाली की त्याची 'बिनपाण्याने हजामत' होते. पोलादाचा गुण आपण कौतुकाने उचलला. ते पोलाद घडवणारे, त्याला धार लावणारे आणि ती धार हातात धरून पोट भरणारे यांचा पाट मात्र मानाच्या पंगतीत कधी मांडला नाही. या दोन वाक्प्रचारांमधले अंतर मिटवायचा एक मार्ग मला दिसतो. तो ऐकायला विचित्र वाटेल. ज्याला घरात एक भक्कम टेबल ठेवता येते आणि काही महिन्यांचे रविवार मोकळे आहेत, अशा माणसाने एकदा पोलादाच्या पट्टीपासून स्वतःच्या हाताने वस्तरा घडवावा आणि त्याने स्वतःची दाढी करावी. यात पैसे वाचणार नाहीत आणि जुन्या काळाच्या हौसेसाठीही हे करायचे नाही. हाताचे ज्ञान हे खरोखरीचे ज्ञान असते, हे समजून घ्यायला वस्तऱ्याइतकी कठोर परीक्षा दुसऱ्या कोणत्याही घरगुती वस्तूत नाही, म्हणून ते करायचे.

परीक्षा कठोर का, हे आधी पाहू. विळी थोडी जाड राहिली तरी भाजी चिरली जाते, कोयत्याला थोडी वाकडी धार आली तरी ऊस तुटतो. मनगटाचा जोर अवजाराची चूक पोटात घालतो. वस्तऱ्याला जोर लावायची सोयच नाही, कारण खाली आपलीच कातडी असते. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, आणि तो ओढ न बसता कापायचा तर धारेचा शेवटचा काठ एका मायक्रॉनहूनही बारीक लागतो. एवढी बारीक कड सरळ रेषेत टिकून राहावी म्हणून वस्तऱ्याच्या आकारातच एक युक्ती बांधलेली आहे. नेहमीच्या वस्तऱ्याचे पाते पाठीपासून धारेपर्यंत साधारण १६ मिलिमीटर रुंद असते आणि पाठ साडेचार मिलिमीटरच्या आसपास जाड. धार लावताना पाते दगडावर सपाट निजवायचे, पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकलेली ठेवायची. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांच्या प्रमाणातून धारेचा कोन आपोआप सोळा अंशांच्या जवळ येतो, आणि आयुष्यभर कितीही वेळा धार लावली तरी तो जवळजवळ तोच राहतो, कारण पाठही धारेसोबत झिजत असते. धार लावणाऱ्याला कोन मोजावा लागत नाही, तो पात्यात लिहून ठेवलेला असतो. कागदावर ही दोन ओळींची त्रिकोणमिती झाली. पण ज्याने कानशीने पाठ अर्धा मिलिमीटर जास्त उतरवली आणि नंतर दगडावर धार वेडीवाकडी बसलेली पाहिली, त्याला ती त्रिकोणमिती पुन्हा कुणी शिकवावी लागत नाही.

सुरुवात धातूच्या निवडीपासून होते आणि इथेच पहिला धडा मिळतो. आपल्याकडे गावोगावचे लोहार ट्रकच्या जुन्या पाट्यांपासून कोयते, विळे घडवतात, आणि ते योग्यच आहे. पाट्याच्या पोलादात कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्क्याच्या दरम्यान असतो, ते चिवट असते, दगडावर आदळले तरी तुटत नाही. वस्तऱ्याला चिवटपणापेक्षा कडकपणा हवा. त्यासाठी कार्बन एक टक्क्याच्या आसपास लागतो. जुन्या चांगल्या कानशीत तो असतो. बेअरिंगच्या पोलादात तो सुमारे एक टक्का आणि सोबत दीड टक्का क्रोमियम असते. भंगारवाल्याकडच्या ढिगातून योग्य तुकडा उचलायचा तर ठिणगी बघावी लागते. फिरत्या सहाणेवर साधे लोखंड धरले की लांब, सरळ, सुस्त ठिणग्या पडतात; कार्बन जास्त असला की त्याच ठिणग्या टोकाशी फुटून झाडासारख्या फांद्या फेकतात. स्वस्तातल्या काही कानशी आतून मऊ आणि वरून फक्त कातडीपुरत्या कडक केलेल्या असतात, त्या ही ठिणगी उघड करते. रसायनशास्त्राच्या पुस्तकात पोलादातील कार्बनचे प्रमाण हा एक तक्ता असतो. सहाणेपाशी उभ्या असलेल्या कामगाराला तोच तक्ता उजेडात वाचता येतो, आणि वर्षानुवर्षे आपण त्याला अशिक्षित म्हणत आलो.

मग येते घासणे. जुनी कानस असली तर ती आधी लाल तापवून राखेत पुरून रात्रभर सावकाश निववावी लागते, म्हणजे ती मऊ होते आणि दुसऱ्या कानशीला दाद देते. हॅक्सॉने आकार कापायचा, पाठीपासून धारेकडे दोन्ही बाजूंनी सारखा उतार काढायचा, शेपटीत खिळीचे भोक आत्ताच पाडायचे, कारण एकदा पाणी दिले की ड्रिल तिथे जाणार नाही. धार मात्र आता काढायची नाही. काठाशी अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडी मुद्दाम ठेवावी लागते. पातळ काठ भट्टीत जळतो, आणि पाणी देताना पोलाद किंचित फुगत असल्यामुळे तो लाटेसारखा वाकतो. हे सगळे सांगायला पाच वाक्ये लागली; करायला अनेक आठवडे लागतात. त्याबद्दल अधिक लिहीत नाही, कारण खरी गोष्ट पुढे आहे.

भट्टी छोटीच पुरते. दोन विटांच्या पोकळीत लोणारी कोळसा आणि फुंकणीचा वारा, किंवा गॅसचा बर्नर. पाते त्यात ठेवले की आधी काळपट तांबडे दिसते, मग डाळिंबी, आणि त्यानंतर एक अशी घटका येते जी अंधाऱ्या कोपऱ्यातच दिसते. उजळत चाललेल्या पात्याच्या अंगावरून एक सावली हळूच सरकत जाते. आग तीच, वारा तोच, तरी पोलाद क्षणभर मंदावते. त्या वेळी धातूच्या आतली स्फटिकांची मांडणी बदलत असते आणि त्या बदलाला उष्णता खर्च होत असते, म्हणून बाहेर उजेड कमी पडतो. ७७० अंश सेल्सियसच्या आसपास लोखंड आपले चुंबकत्वही सोडते. तारेला बांधलेले लोहचुंबक जवळ नेले तर ते पात्याकडे बघतही नाही. सावली पुढे गेली, चुंबक सुटले, की अजून थोडे तापवायचे, साधारण ८०० अंशांपर्यंत, जेणेकरून कार्बन लोखंडात नीट विरघळेल. मग कोमट तेलात, धार खाली किंवा टोक खाली, एकदम सरळ. साध्या कार्बन पोलादाला पहिल्या सेकंदाच्या आसपासच ५५० अंशांच्या खाली यावे लागते. उशीर झाला तर विरघळलेला कार्बन वेगळा होऊन बसतो आणि पाते मऊच राहते. वेळेत निवले तर तो कार्बन लोखंडाच्या जाळीत अडकून पडतो, जाळी ताणली जाते आणि पोलाद काचेसारखे कडक होते. तेलातून काढलेल्या पात्यावर कानस ठेवून पाहावी. मऊ पोलादात कानस चावते, तिचे दात रुतल्याचे हाताला कळते. पाणी नीट बसलेल्या पात्यावरून ती किणकिणत घसरून जाते. तो आवाज ऐकल्यावर प्रयोगशाळेच्या दाखल्याची गरज राहत नाही.

काचेसारखे कडक पाते काचेसारखेच फुटतेही, म्हणून त्याच दिवशी त्याला घरातल्या ओटीजीत २०० अंशांच्या आसपास दोन-दोन तास दोनदा ठेवायचे. ओटीजीच्या बटणावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, आत वेगळा तापमापक ठेवावा. घासून चकचकीत केलेल्या पोलादावर तेव्हा फिक्या गवताचा रंग चढतो. आणखी तापवले तर तो गडद पिवळा, जांभळा, शेवटी निळा होतो आणि प्रत्येक रंगासोबत कडकपणा थोडा थोडा उतरत जातो. छिन्नीला जांभळा चालतो, स्प्रिंगला निळा लागतो, वस्तऱ्याला गवती पुरे. या रंगांच्या ओळीत कारखान्याचा सबंध टेंपरिंगचा तक्ता मावलेला आहे. पारा आणि विजेची भट्टी येण्याआधी कित्येक शतके घडवणाऱ्यांनी तो डोळ्यांनी वाचला. माझा मुद्दा असा की हे अंदाजपंचे काम नव्हते. ठिणगी, सावली, चुंबक, कानशीचा आवाज, गवती रंग, यांतली प्रत्येक खूण एका ठरावीक भौतिक बदलाशी बांधलेली आहे, पुन्हा पुन्हा पडताळता येते, चूक असेल तर चूक म्हणून दाखवते. विज्ञान म्हणून आपण ज्याला ओळखतो त्याची हीच तर लक्षणे आहेत. फरक इतकाच की ते कागदावर नव्हते आणि ज्यांच्याकडे होते त्यांना कागदापाशी येऊ दिले नव्हते.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे. काही रुपयांना मिळणारे पाते हातच्या वस्तऱ्याहून चांगली दाढी करत असेल, तर एवढा खटाटोप कशासाठी? आक्षेपातली वस्तुस्थिती मला पूर्ण मान्य आहे. कारखान्यातले पाते सुमारे एक दशांश मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस पट्टीचे असते, त्याची धार यंत्राने एकसारखी काढलेली असते, वर घसरता लेप असतो. पहिल्यांदा वस्तरा घडवणाऱ्याची धार त्याच्या जवळपासही जाणार नाही. पर्यावरणाचे कारणही मी पुढे करत नाही. दोन्ही बाजूंनी धार असलेले साधे पाते हे आधीच चिमूटभर पोलाद असते, आणि एका वस्तऱ्यासाठी जाळलेला कोळसा, घासून वाया गेलेले पोलाद हिशेबात धरले तर फार मोठी बचत दाखवता येणार नाही. पण तेच कारखान्याचे पाते कसे जन्माला आले ते पाहावे. किंग जिलेट यांच्या डोक्यात फेकून द्यायच्या पात्याची कल्पना आली, तेव्हा इतक्या पातळ पट्टीला पाणी देऊन धार काढता येणार नाही असे जाणकार त्यांना सांगत होते. पाणी देताना पट्टी वाकायची. तो प्रश्न विल्यम निकरसन या अभियंत्याने सोडवला, १९०३ मध्ये पाती बाजारात आली आणि त्या पहिल्या वर्षी ५१ रेझर विकले गेले. म्हणजे जगभरच्या न्हाण्यांत पोहोचलेल्या त्या वस्तूच्या मुळाशी तीच अडचण होती जी घरच्या भट्टीपाशी आपल्याला भेटते: पातळ पोलाद, उष्णता आणि वाकणे. स्वस्त पात्याने ते ज्ञान निरुपयोगी ठरवलेले नाही, ते आपल्या नजरेआड नेले आहे. रोज सकाळी गालावरून फिरणारी वस्तू कशी शक्य झाली हे ज्या समाजात मूठभर लोकांनाच ठाऊक असते, तो समाज ती वस्तू सुधारू शकत नाही. विकत घेऊ शकतो, एवढेच.

हे ज्ञान जुने झाले, आता त्यात शोधण्यासारखे काही उरले नाही, असेही कुणी म्हणेल. त्याचे उत्तर अगदी अलीकडचे आहे. पोलाद केसापेक्षा पन्नासपट कडक, तरीही केसच कापून पाते बोथट का होते, हा प्रश्न अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्याचे उत्तर छापले. धार नुसती झिजून गोल होत नाही. तिचे बारीक टवके उडतात. केस तिरका आलेला असणे, पोलादाची आतली रचना सगळीकडे सारखी नसणे आणि धारेच्या नेमक्या कच्च्या जागी केस भेटणे, अशा गोष्टी जुळून आल्या की मऊ केसही पोलादाचा कण उडवतो. म्हणजे कडकपणाइतकाच, किंबहुना अधिक, प्रश्न एकसारखेपणाचा आहे. घडवणारे हे वेगळ्या शब्दांत सांगतात. ते पाणी देण्याआधी पाते दोन-तीनदा तापवून हवेत निववतात, प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोडे कमी तापवून, आणि सोबत त्याच पोलादाचा एक नमुन्याचा तुकडा ठेवतात. त्या तुकड्याला पाणी देऊन तो पक्कडीत धरून मोडायचा. तुटलेल्या तोंडावर साखरेसारखे चमचमते दाणे दिसले तर पोलाद जास्त तापले, दाणा मोठा झाला. राखाडी मखमलीसारखे मंद तोंड दिसले तर दाणा बारीक आहे आणि धार टवके न उडता टिकेल. सूक्ष्मदर्शकाने जे दाखवले त्याचा ठाव मोडलेल्या तुकड्याच्या तोंडावर घेता येतो, हे एका प्रौढ माणसाने एकदा स्वतः पाहावे. त्याची 'अडाणी' या शब्दाची व्याख्या बदलेल.

आपल्या भागाचा या कथेशी असलेला संबंध अनेकांना ठाऊक नसतो. मुंबईत राहणारे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी १७९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे 'वुट्झ' नावाच्या पोलादाचे नमुने पाठवले. हे पोलाद दक्षिणेत, आजच्या तेलंगणा, कर्नाटक, तमिळनाडूच्या पट्ट्यात, बंद मुशीत लोखंडाबरोबर लाकूड आणि पाने घालून तयार होत असे. 'वुट्झ' हे नाव बहुधा पोलादासाठीच्या 'उक्कू' या तिकडच्या शब्दावरून आले. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्याच्यावर रॉयल सोसायटीत निबंध सादर केला. लंडनमधले शस्त्रक्रियेची हत्यारे आणि वस्तरे बनवणारे कारागीर जेम्स स्टोडार्ट यांनी ते पोलाद वापरून पाहिले आणि युरोपातल्या उत्तम पोलादाहून सरस ठरवले. हेच स्टोडार्ट पुढे मायकेल फॅरडे यांच्याबरोबर पोलादाच्या मिश्रणांवर प्रयोग करू लागले. दोघांचे निबंध १८२० आणि १८२२ मध्ये प्रसिद्ध झाले. वुट्झचे गुण कशात आहेत हे शोधणे हा त्या प्रयोगांचा एक हेतू होता. फॅरडे लोहाराचा मुलगा. आपण बनवलेल्या पोलादाचे वस्तरे ते मित्रांना भेट देत असत. विजेचे नियम शोधणाऱ्या माणसाला वस्तरा भेट देण्याजोगा वाटला, कारण पोलाद चांगले आहे की नाही हे दुसऱ्याच्या हनुवटीवर सिद्ध करता येत होते. या सगळ्या साखळीत स्कॉट, पिअर्सन, स्टोडार्ट, फॅरडे ही नावे आपण घेऊ शकतो. ज्यांनी मुशी बांधल्या, रात्ररात्र भाते चालवले, मुशीचे तोंड कधी फोडायचे ते ठरवले, त्यांच्यापैकी एकाचे नाव आपल्या तोंडी नाही. कारागीर आणि अभ्यासक लंडनमध्ये एका टेबलापाशी बसले म्हणून तिथे पोलादाचे शास्त्र उभे राहिले. इथे ते एका गावात राहूनही एका टेबलापाशी बसले नाहीत.

इथून सर्वांत गंभीर आक्षेप सुरू होतो, आणि तो मला टाळायचा नाही. लोहार आणि न्हावी बलुतेदार होते. हे कौशल्य त्यांनी निवडले नव्हते, ते जन्माने त्यांच्या माथी आले होते. घिसाडी कुटुंबे पालात राहून बायकापोरांसह घण मारत गावोगाव फिरली. शिकलगार दारोदार धार लावत हिंडले. त्यांची मुले आज शिकून त्या कामातून बाहेर पडत असतील तर ती मुक्ती आहे. अशा वेळी चांगल्या पगाराच्या माणसाने रविवारी हौस म्हणून वस्तरा घडवणे हे त्यांच्या कष्टांचे कौतुक म्हणायचे की त्या कष्टांवर चढवलेला मुलामा? माझे म्हणणे असे: कुणाच्या मुलांनी भट्टीपाशी परत जावे, असे मी सुचवत नाही. उलट, ज्यांच्या घराण्यात हाताला कधी कानस लागली नाही त्यांनी ती उचलावी, असे सुचवतो आहे. जातीने कामाची वाटणी केली तेव्हा दोन गोष्टी केल्या. काम एका गटाला चिकटवले आणि कामाचे ज्ञान ज्ञानाच्या व्याख्येबाहेर काढले. पहिली गाठ शिक्षणाने आणि कायद्याने सुटू लागली आहे. दुसरी तशीच आहे, आणि ती वरच्या बाजूने बसलेली असल्याने वरच्या बाजूनेच सोडवावी लागेल. शिवाय वस्तरा धरणारे हात नुसते आज्ञा पाळणारे होते, हेही खरे नाही. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी एकत्र आले आणि विधवांचे केशवपन करणार नाही असा निर्धार त्यांनी केला. सुधारणेवर व्याख्याने खूप झाली होती. वस्तरा खाली ठेवण्याचा अधिकार ज्यांच्याकडे होता त्यांनी तो बजावला. अवजार कशासाठी चालवायचे हे ठरवण्याची बुद्धी अवजाराच्या जवळ असलेल्या माणसाकडे असते, याचा याहून ठळक दाखला महाराष्ट्राच्या इतिहासात शोधायला बराच वेळ लागेल.

धोक्यांबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे, कारण या कामाचा उत्साह देणारे अनेकदा ते वगळतात. तापलेले पाते तेलात गेले की ज्वाळा उठू शकते, म्हणून भांडे लोखंडी आणि खोल, झाकण हाताशी, काम उघड्यावर. पाणी दिलेले पाते घासताना डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर चांगला मास्क हवाच. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या शेफिल्डला वाळूच्या दगडाच्या सहाणेवर सुरीकाटे घासणारे कामगार फुफ्फुसांत धूळ जाऊन तरुणपणीच मरत. जगाला उत्तम वस्तरे पुरवणाऱ्या शहराने ही किंमत मोजली आहे. सहाण वापरलीच तर ती ओली ठेवावी. आणि असा वस्तरा फक्त स्वतःपुरता. आपल्या सलूनमध्ये अर्धे मोडलेले नवे पाते घालायचा वस्तरा आला तो काविळीच्या बी आणि सी विषाणूंच्या आणि एचआयव्हीच्या भीतीने, आणि ती भीती योग्य होती. घडीव पाते माणसामाणसांत फिरवणे चुकीचेच. फ्लॅटमध्ये भट्टी कुठे पेटवणार, हा प्रश्नही खरा आहे. पण चाळीस-पन्नास तासांच्या कामात आगीचे काम जेमतेम अर्ध्या तासाचे असते. बाकी सगळे कानस, दगड, पॉलिश पेपर आणि पितळी खिळी ठोकणारी छोटी हातोडी यांवर चालते. तो अर्धा तास जवळच्या लोहाराकडे काढावा, नाहीतर भोसरी-चिंचवडसारख्या औद्योगिक पट्ट्यात हीट ट्रीटमेंटची दुकाने आहेतच. खरे सांगायचे तर तिथे जाणे हे घरी भट्टी पेटवण्याहून चांगले. ज्याच्या हाताखाली रोज शेकडो सुटे भाग भट्टीतून जातात, त्याच्यासमोर आपला एकुलता एक वाकडा तुकडा घेऊन उभे राहिल्यावर प्रश्न विचारण्याची रीत आपोआप बदलते.

उरला प्रश्न शिक्षणाचा, आणि त्याचीही मुळे आपल्याच मातीत आहेत. १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी मांडलेली नयी तालीम हेच सांगत होती की हस्तव्यवसाय हा शाळेतला एक जादा तास नसावा, इतर विषय त्याच्यातूनच शिकवले जावेत. ती योजना मोठ्या प्रमाणावर टिकली नाही, कारण पालकांना त्यात आपल्या मुलाला पुन्हा कामकरी बनवण्याचा डाव दिसला आणि शिक्षकांना टकळीतून गणित काढता आले नाही. दोन्ही तक्रारींत तथ्य होते. तरी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाने, शाळेत न रमलेली मुले वेल्डिंग, शेती, बांधकाम करता करता विज्ञान शिकतात, हे करून दाखवले आहे. वस्तरा शाळेत नेऊ नये, मुलांच्या हातात तो देऊ नये. पण पाणी देण्याचा धडा शाळेत सहज नेता येतो. करवतीच्या पात्याचे तीन तुकडे घ्यावेत, तिन्ही लाल तापवावेत. एक राखेत पुरावा, दुसरा तेलात बुडवावा, तिसरा तेलात बुडवून पुन्हा गवती रंगापर्यंत तापवावा. दुसऱ्या दिवशी मुलांनी ते मोडून, वाकवून, कानस लावून पाहावेत. धातू तोच, त्यातला कार्बन तोच, आणि स्वभाव तीन. पुस्तकातला स्फटिकांचा भाग त्या दिवशी वाचावा. हा तास घ्यायला धातुशास्त्राच्या पदवीधराबरोबर जवळच्या लोहारालाही वर्गात बोलवावे, शिक्षकाच्या खुर्चीशेजारी त्याची खुर्ची मांडावी, आणि तासाचे मानधन बाहेरच्या व्याख्यात्याला जेवढे देतात तेवढेच, त्याच दिवशी, त्याच्या हातात द्यावे.